जिथे दारू वाढली जाते, तिथे आपली मुलं असावीत का?



बचत, व्याज, कर्जफेड यावर आपण दर महिन्याला बोलतो. दारूवरही बोलतो, पण ते बहुतेक वेळा नवऱ्याच्या दारूवर. या महिन्याचा अभ्यास-पाठ मुलांबद्दल आहे. घरात पिणारा कोणी असो वा नसो, आपली मुलं दारूच्या आसपास असतातच. हळदीला असतात, गच्चीवरच्या पार्टीला असतात, हॉटेलात असतात, कधी कधी आपल्याच स्वयंपाकघरात असतात. तिथे त्यांनी असावं का, असलं तर कुठवर, आणि कुठे आपण ठामपणे "नाही" म्हणायचं, हे आज बघू.

पाठ एका बैठकीत वाचून होईल. एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मध्ये थांबवून बोलावं. शेवटी प्रश्न आणि ठरावाचा नमुना दिला आहे.

खारदांड्याची गोष्ट आधी

खार स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राच्या कडेला खारदांडा आहे. जुना कोळीवाडा. एका बाजूला होड्या, जाळी, मासळी, आणि थोडं चालून गेलं की कार्टर रोड, लिंकिंग रोड, झगमगणारी हॉटेलं आणि बार. कोळीवाड्यातलं मूल शाळेतून घरी येताना या दोन्ही जगांतून चालतं.

पण दांड्याचं आणि दारूचं नातं या बारच्या आधीचं आहे. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० पासून पूर्ण दारूबंदी आली. दुकानं बंद झाली, पिणं थांबलं नाही. दारू गल्लीबोळात आणि घरात शिरली. त्या काळात खारदांडा हे नाव हातभट्टीसाठी मुंबईभर कुप्रसिद्ध झालं. शहरात ठिकठिकाणी "आंटीचे अड्डे" होते. अड्डा म्हणजे काय, तर एका बाईचं घर. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसायचं, मागच्या खोलीत चूल आणि मुलं. पोलिसांवर नजर ठेवायला, बाटली पोचवायला, ग्लास विसळायला घरातली लहान पोरं सोयीची असायची. मुलावर कोणी संशय घेत नाही ना!

त्या बायकांना नावं ठेवायला हे सांगत नाही. हाती दुसरा धंदा नव्हता, घर चालवायचं होतं. यातून शिकायचं ते एवढंच, की "दारू मिळते ती जागा" म्हणजे पाटी लावलेला बार एवढाच अर्थ नसतो. आपलं घरही ती जागा होऊ शकतं. पुढे १९६० नंतर बंदी सैल होत गेली आणि परवान्याची पद्धत आली. "परमिट रूम" हे नाव त्यातूनच आलं. महाराष्ट्रात आजही कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

गावाकडच्या मैत्रिणी म्हणतील, मुंबईच्या कोळीवाड्याचं आम्हाला काय? पण हायवेवरचा ढाबा, "बिअर बार अँड फॅमिली रेस्टॉरंट" अशी पाटी, जत्रेतल्या पालामागचं दुकान, वरातीतली गाडी, शेतावरची पार्टी हे सगळं तुमच्याकडेही आहे. प्रश्न एकच आहे.

तीन जागा, तीन वेगळे विचार

सगळ्या जागांना एकच नियम लावला तर तो कोणी पाळत नाही. म्हणून जागा वेगवेगळ्या करू.

पहिली जागा, जिथे लोक मुख्यतः जेवायला येतात. हॉटेलात चार टेबलं सोडून कोणी बिअर घेतंय, आपण मुलांना घेऊन थाळी खातोय. यात मूल बिघडतं असं म्हणता येणार नाही. बऱ्याच हॉटेलांत जेवणाचा भाग आणि परमिट रूम वेगळी असते. आपण जेवणाच्या भागात बसावं, दिवसा किंवा संध्याकाळी लवकर जावं, जेवण झालं की उठावं. आणि आपल्याच टेबलावर बाटली मागवली जाणार असेल, तर ती जागा पहिली उरत नाही, दुसरी होते.

दुसरी जागा, जिथे लोक मुख्यतः प्यायला येतात. बार, परमिट रूम, देशी दारूचं दुकान, अड्डा, पब. इथे मुलाला काहीही काम नाही. "दहा मिनिटं बस, मी आलोच" म्हणून बापाने पोराला शेजारच्या खुर्चीवर बसवणं, वेफर्सचं पाकीट आणि थंड पेय हातात देणं, हे नेहमीचं चित्र आहे. मुलाला ती मजा वाटते. म्हणूनच ते थांबवायचं.

तिसरी जागा, जी आपलीच असते. घर, ओटा, गच्ची, हळदीचा मांडव, होडीची पूजा, शिमग्याची रात्र. इथून मुलांना बाहेर काढता येत नाही, कारण ती त्यांचीही जागा आहे. म्हणून इथे उलटा विचार करायचा. मुलाला कुठे पाठवायचं हे न बघता, दारूला कुठे आणि किती वाजता जागा द्यायची हे ठरवायचं. या तिसऱ्या जागेबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो, आणि बहुतेक मुलांना दारूची पहिली ओळख इथेच होते.

कायदा काय सांगतो

कायद्याच्या पाच गोष्टी प्रत्येक सभासदाला तोंडपाठ असाव्यात.

एक. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं, आणि व्हिस्की, रम अशा कडक दारूसाठी २५ पूर्ण. अठरा झाले, मतदान आलं, म्हणजे दारूही आली, असं आपल्या राज्यात नाही.

दोन. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणं किंवा द्यायला लावणं हा गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. अपवाद एकच, पात्र डॉक्टरने आजारासाठी सांगितलं तर. हा कायदा फक्त बारवाल्याला लागू आहे असं समजू नका. "घे रे, एक घोट घे, मर्द आहेस ना" म्हणणाऱ्या मामालाही तो लागू आहे.

तीन. त्याच कायद्याचं कलम ७८. मुलाकडून दारू विकून घेणं, पोचवून घेणं, वाहून नेणं हाही गुन्हा, शिक्षा तेवढीच. "जा, कोपऱ्यावरून एक क्वार्टर घेऊन ये" हे वाक्य किती घरांत ऐकू येतं? आपण त्याला निरोप समजतो. कायदा त्याला मुलाचा दारूसाठी वापर समजतो.

चार. जिथे दारू विकली जाते तिथे, मुलांना दारू देणं हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा काय, याची पाटी दिसेल अशी लावणं नियमाने बंधनकारक आहे. आपल्या भागातल्या दुकानात ती आहे का, हे आपण जाऊन बघू शकतो.

पाच. चौदा वर्षांखालच्या मुलाला ढाब्यावर, हॉटेलात कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला कुठेच नोकरीला ठेवता येत नाही. ग्लास विसळणारं, टेबल पुसणारं लहान पोर दिसलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.

मुलांना दारू आणायला पाठवणं हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कामगारवस्तीतली मुलं जग घेऊन बापासाठी बिअर आणायला जायची. तिथे १९०१ साली कायदा करून चौदाच्या आतल्या मुलांच्या हाती उघडी दारू देणं बंद केलं, आणि १९०८ च्या कायद्याने चौदाच्या आतल्या मुलांना दारूच्या बारमध्ये यायलाच मनाई केली. तिथल्या लोकांनाही आधी वाटलं असेल, यात काय एवढं? एका पिढीची सवय पुढच्या पिढीला गुन्हा वाटू लागते ती अशीच, कायदा आणि बोलणं दोन्ही झाल्यावर.

२०२४ सालचे दोन अपघात

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या गाडीने दुचाकीला उडवलं. दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. गाडी चालवत होता सतरा वर्षांचा मुलगा, असा पोलिसांचा आरोप. त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये बसला होता आणि तिथे अल्पवयीन मुलांना दारू दिली गेली, म्हणून पबच्या मालक-व्यवस्थापकांना बाल न्याय कायद्याखाली अटक झाली, पब सील झाले. मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा देशभर संताप झाला, ते तुम्हाला आठवत असेल. पण निबंधावर चिडताना एक प्रश्न मागे राहिला. सतरा वर्षांच्या मुलाला त्या टेबलावर बसू कोणी दिलं? दाराशी वय कोणी विचारलं नाही. बिल भरायला पैसे होते, तेवढं पुरलं.

दुसरा अपघात आपल्या अगदी जवळचा. ७ जुलै २०२४, रविवार, पहाटेची वेळ. वरळी कोळीवाड्यातली एक कोळी भगिनी नवऱ्याबरोबर ससून डॉकहून मासळी घेऊन स्कूटरवरून परत येत होती. मागून आलेल्या गाडीने धडक दिली आणि तिला फरफटत नेलं. ती वाचली नाही. गाडी चालवणारा म्हणून ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला तो २३ वर्षांचा. आदल्या रात्री तो जुहूच्या एका बारमध्ये होता. वय पंचविसाच्या आत असताना तिथे त्याला कडक दारू दिली गेली, असं उत्पादन शुल्क विभागाला आढळलं आणि बार सील झाला.

मैत्रिणींनो, दांड्यातल्या, वरळीतल्या, वेसाव्यातल्या किती जणी रोज पहाटे असंच बंदरावरून माल घेऊन येतात! वयाचा नियम म्हणजे सरकारी कागद, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही पहाट आठवावी. बारच्या दारात विचारला न गेलेला प्रश्न कधी कधी मासळीची पाटी घेऊन निघालेल्या बाईच्या वाट्याला येतो.

लहान शरीर, मोठा धोका

"चमच्याभराने काय होतं?" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. सर्दी झाली की ब्रँडीचा चमचा, दात येताना हिरडीला ब्रँडीचं बोट, ही घरगुती औषधं मुंबईच्या कितीतरी घरांत होती, अजून आहेत. आपल्या आज्यांनी ती प्रेमानेच दिली. पण ती बंद करायला हवीत.

कारण असं. मुलाचं वजन कमी, त्यामुळे थोडी दारूही रक्तात जास्त चढते. दारूमुळे लहान मुलाच्या रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. मूल झोपाळू होतं, गार पडतं, घाम येतो, फिटही येऊ शकते. घरचे म्हणतात, "बघा कसं छान झोपलं." ती झोप नसून धोका असू शकतो. पार्टीनंतर टेबलावर उरलेले अर्धे ग्लास मुलं सरबत समजून पितात, म्हणून रात्रीच ग्लास उचलून टाकायचे, सकाळची वाट बघायची नाही.

मुलाने दारू प्यायल्याचं कळलं तर काय करायचं? उलटी काढायला बोटं घालू नका. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यातलं काही करू नका. मूल गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरला खरं सांगा. लाजेपायी "काहीतरी खाल्लं असेल" म्हटलं तर उपचार चुकतात.

मोठ्या मुलांबद्दलही एक गोष्ट. माणसाचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. जितक्या लहान वयात प्यायला सुरुवात, तितकी पुढे सवय जडायची शक्यता जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही.

हातभट्टीची तर बातच वेगळी. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं. एकेका घरातला कमावता माणूस गेला आणि शाळेतली मुलं कामाला लागली. ज्या घरात अशी दारू साठवली जाते, तिथे मुलाच्या हाती लागणारी प्रत्येक बाटली विषाची असू शकते.

मुलं काय बघतात

शरीराचं झालं. आता मनाचं. मूल दारूच्या जागी बसतं तेव्हा ते पीत नसतं, पण शिकत असतं. आनंद झाला की बाटली उघडते. दुःख झालं की बाटली उघडते. बाप एरवी गप्प असतो, प्यायला की गोड बोलतो, खिशातून दहाची नोट काढून देतो. त्या दहाच्या नोटेचा धडा फार पक्का बसतो.

मुली वेगळं शिकतात. चखणा तळायचा आईने, ग्लास उचलायचे मुलीने, आणि कोणी वेडंवाकडं बोललं तर ऐकून घ्यायचं तिनेच. प्यायलेल्या पुरुषांमध्ये मुलीला वाढायला पाठवू नका, मग ते सख्खे नातेवाईक असोत. त्यात नात्याचा अपमान नाही, मुलीची काळजी आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर, पुरुष घरी, हात रिकामे, आणि जूनच्या सुरुवातीला मुलांची शाळाही नसते. या दोन महिन्यांत ओट्यावरच्या बैठकी वाढतात. शेतीच्या गावात सुगीनंतर असंच होतं. आपल्या भागात हा काळ कोणता, ते ओळखून ठेवा. गटाने मुलांसाठी काही करायचं असेल, अभ्यासवर्ग, खेळ, वाचनाची पेटी, तर ते याच दिवसांत करावं.

"पण ताई..." आपल्याच काही शंका

"पण ताई, हळदीला दारू नाही तर लोक नावं ठेवतील." ठेवतील, खरं आहे. कोळ्यांची हळद म्हणजे नाच, गाणं, बँड, आणि आता बाटलीही. ती एकदम बंद करा, असं सांगितलं तर भांडण होईल आणि आपण हरू. पण वेळ बदलता येते. हळद लावणं, ओवाळणं, गाणी, मुलांचा नाच, जेवण आधी. मुलं आणि म्हाताऱ्या घरी गेल्यावर मग ज्यांना बसायचंय ते बसतील, आणि मांडवात नाही, वेगळ्या जागी. सार्वजनिक कार्यक्रमात दारू ठेवायची तर उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो, हेही यजमानांना आठवण म्हणून सांगता येतं.

"पण मुलांना ठेवू कुठे? मीच त्या हॉटेलात पोळ्या लाटायला जाते." ही शंका सगळ्यात खरी आहे. मूल सोबत नेणारी आई बेजबाबदार नसते, तिला दुसरा हात नसतो. तो हात गटाने व्हायचं. दहा जणींच्या गटात पाळीपाळीने एकीने संध्याकाळी सात ते दहा मुलं सांभाळली, तर कोणालाच मूल भटारखान्यामागे झोपवावं लागणार नाही. काही गट जसे कर्जाची यादी ठेवतात, तशी ही पाळीची यादी ठेवावी.

"घरी बसून प्यायला तर निदान डोळ्यासमोर असतो. बाहेर गेला तर पडेल कुठेतरी." असं कितीतरी बायका म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने ते चुकीचं नाही. पण मग घरात एक रेघ आखावी. मुलं जागी असताना बाटली बाहेर निघणार नाही. मुलांना आणायला पाठवायचं नाही. मुलांसमोर ग्लास भरायचा नाही. नवरा ऐकत नसेल तर ही तुमची हार नाही. घरात मारहाण होत असेल तर रेघ आखत बसू नका. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या नंबरवर फोन करा. सोडायची इच्छा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत नंबर आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं मुक्तांगण हे केंद्रही या कामासाठी राज्यभर ओळखलं जातं. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीही अल-अनॉन नावाचे गट चालतात. तिथे बाईला "तू काय केलंस" असं कोणी विचारत नाही.

"मोठ्या घरची मुलं पबात जातात, त्यांना कोण विचारतं? आमच्याच पोरांना नियम का?" पुण्याची गोष्ट याचंच उत्तर आहे. त्यांनाही कोणी विचारलं नाही, आणि त्याची किंमत भलत्याच दोन घरांनी मोजली.

धंदा करणाऱ्या गटांसाठी

आपले काही गट जेवणाच्या ऑर्डरी घेतात. काही बारना आणि हॉटेलांना मासळी, सुकट, भाजलेले पापड पुरवतात. हा धंदा सोडा असं कोणी म्हणणार नाही, तो हक्काचा पैसा आहे. पण तीन गोष्टी पाळता येतील. माल पोचवायला मुलांना पाठवायचं नाही, विशेषतः संध्याकाळनंतर. ऑर्डर घेतानाच सांगायचं की आम्ही जेवण वाढू, दारू वाढणार नाही. आणि कामाच्या जागी मुलं आणावीच लागली तर त्यांच्यासाठी वेगळी खोली मागायची. चार जणी एकत्र मागतात तेव्हा यजमान देतो.

दुकानाविरुद्ध काय करता येतं

वस्तीत परवान्याचं दुकान असेल आणि त्याचा मुलांना, बायकांना त्रास होत असेल, तर महाराष्ट्रात २००८ पासून एक रस्ता आहे. तोच, ज्याला लोक "उभी बाटली, आडवी बाटली" म्हणतात. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान होतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. "एकूण" हा शब्द नीट वाचा. मतदानाला न आलेली बाई म्हणजे उभ्या बाटलीला मिळालेलं मत. म्हणून सह्यांपेक्षा मतदानाच्या दिवसाची तयारी मोठी. शहरात प्रभागासाठीही तरतूद आहे. नेमकी पद्धत राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावी.

एक मात्र लक्षात ठेवा. दुकान बंद केल्याने काम संपत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तिथल्या बायका आजही चोरट्या दारूवर लक्ष ठेवतात. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. खारदांड्याच्या जुन्या गोष्टीतही आपण बघितलं, दुकान बंद झालं की बाटली घरात शिरते, आणि घरात तर मुलं असतात. म्हणून दुकानाची लढाई आणि घरातली रेघ, दोन्ही बरोबर चालवायच्या.

बैठकीत बोलायचे प्रश्न

१. आपल्या मुलांनी दारू पहिल्यांदा कुठे बघितली असेल? बारमध्ये, की घरात?
२. मागच्या महिन्यात कोणाच्या घरी मुलाला बाटली, सोडा किंवा चखणा आणायला पाठवलं गेलं? नावं घेऊ नका, फक्त हात वर करा. माझं घरही त्यात असू शकतं, हे मनात ठेवून.
३. आपल्या भागातल्या दारूच्या दुकानात मुलांबद्दलची पाटी लावलेली आहे का? कोण दोघी जाऊन बघतील?
४. येत्या हंगामात कोणाकडे हळद किंवा लग्न आहे? त्या घरच्या ताईला आपण काय मदत करू?
५. संध्याकाळी कामाला जाणाऱ्या किती जणी आहेत? त्यांच्या मुलांची पाळी कशी लावायची?

ठरावाचा नमुना

गटाला पटलं तर इतिवृत्तात असा ठराव लिहा. शब्द आपल्या सोयीने बदला.

"आमच्या गटाच्या आजच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, आम्ही आमच्या मुलांना दारू आणायला किंवा पोचवायला पाठवणार नाही. कोणत्याही कारणाने मुलांना दारू चाखायला देणार नाही व दुसऱ्यांना देऊ देणार नाही. बार, परमिट रूम व अड्ड्यावर मुलांना नेऊ देणार नाही. आमच्या घरच्या कार्यात मुले असेपर्यंत दारू ठेवणार नाही. संध्याकाळी कामावर असणाऱ्या सभासदांची मुले गटातर्फे पाळीने सांभाळली जातील. पाळीची यादी सचिवांकडे राहील."

सूचक आणि अनुमोदक यांची नावं लिहून सह्या घ्या. तीन महिन्यांनी याच ठरावावर पुन्हा बोला. जे जमलं ते लिहा, जे जमलं नाही तेही लिहा. कर्जाचा हप्ता चुकला तर आपण सभासदाला गटातून काढत नाही, पुढच्या महिन्यात भरायला सांगतो. इथेही तसंच करा.